हायस्कूल आणि पीयूच्या (अकरावी-बारावीच्या) खेळाडूंना कायदा शिकवताना: पीटी सर, वस्ताद आणि पालक यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, हुक्केरी या पट्ट्यातल्या शाळा, तालमी आणि मंडळांच्या संघांना डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, म्हणून खाली नवेच आकडे दिले आहेत. पोरांना ३२३, ३२४, ३०७ असे जुने आकडे तोंडपाठ असतात, ते आता चालत नाहीत.

कायदा सगळ्याच मुलांना सारखा. मग खेळाडूंना वेगळं शिकवायची गरज काय?

खेळाडू चूक एकटा करत नाही. तो संघाबरोबर असतो, टेम्पोतून गावोगाव फिरतो, जिंकला तरी हरला तरी रक्त तापलेलं असतं. एकाच संघात १५ वर्षांचा आणि १९ वर्षांचा मुलगा शेजारी बसलेला असतो. दोघांनी एकच गोष्ट केली तरी कायदा दोघांना वेगवेगळ्या दारातून आत नेतो. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच खेळाडूंचा डोळा भरतीवर असतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच आहे. अग्निवीर, पोलीस, रेल्वेचा स्पोर्ट्स कोटा, यातलं काहीही मिळवायचं तर पोलीस पडताळणी चुकत नाही. मैदानावर दहा वर्षं घाम गाळलेला मुलगा एका रात्रीच्या भांडणामुळे त्या टेबलाजवळ अडकतो. हे टाळता येतं, आणि ते टाळणं सरावाइतकंच आपलं काम आहे.

"आम्ही मायनर आहे, आम्हाला काय होत नाही," असं पोरं म्हणतात. खरं काय?

अर्धं खरं आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. बाल न्याय कायदा २०१५ नुसार १८ पूर्ण न झालेल्या मुलाचं प्रकरण नेहमीच्या कोर्टात न जाता जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळापुढे जातं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यातली एक बाई असावीच लागते. मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवा करायला लावू शकतं, पालकांना दंड भरायला लावू शकतं, देखरेखीखाली ठेवू शकतं किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात पाठवू शकतं. तेव्हा "काही होत नाही" हे खोटं आहे.

दुसरा अर्धा भाग मोठ्या मुलांनी नीट ऐकायचा. ज्या गुन्ह्याची कमीत कमी शिक्षाच सात वर्षं किंवा त्याहून जास्त आहे, तो "घोर" गुन्हा. असा गुन्हा १६ ते १८ वयात झाला तर मंडळ आधी मुलाची समज आणि मानसिक-शारीरिक क्षमता तपासतं आणि प्रकरण मंडळाहून वेगळ्या असलेल्या बालन्यायालयाकडे पाठवू शकतं. तिथे प्रौढासारखा खटला चालू शकतो. फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप अल्पवयीनाला देता येत नाही, पण त्याखाली बरंच काही उरतं.

वय कुठल्या दिवसाचं धरतात? आणि कशावरून?

घटना घडली त्या दिवसाचं. सतराव्या वर्षी केलेल्या गोष्टीचा निकाल विसाव्या वर्षी लागला तरी प्रकरण बाल न्याय मंडळाचंच. पण १८ पूर्ण झाल्यावर घडलं असेल तर एका दिवसाचीही सवलत नाही. पीयू दुसऱ्या वर्षाच्या बहुतेक मुलांचा हा वाढदिवस हंगामाच्या मध्यात येतो, म्हणून प्रत्येक संघानं खेळाडूंच्या १८ पूर्ण होण्याच्या तारखा लिहून ठेवाव्यात आणि त्या त्या मुलाला आठवडाभर आधी बाजूला घेऊन सांगावं.

पुरावा म्हणून आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा एसएसएलसी (दहावीचं) मार्क्स कार्ड बघतात. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. बाहेरगावी जाताना मॅनेजरच्या फाइलमध्ये प्रत्येक मुलाच्या या कागदाची झेरॉक्स आणि पालकांचे दोन फोन नंबर असलेच पाहिजेत. अंगानं भरलेला सतरा वर्षांचा पैलवान पंचवीसचा दिसतो. रात्री अकरा वाजता परक्या गावच्या ठाण्यात तो मायनर आहे हे दाखवायला कागद नसेल, तर त्याला मोठ्यांबरोबर कोठडीत बसवलं जाण्याची भीती असते.

पोलिसांनी मुलाला नेलं तर पहिल्या तासात काय करायचं?

आरडाओरडा करायचा नाही आणि दहा-वीस पोरं घेऊन ठाण्यावर जायचं नाही. एक पालक आणि एक शिक्षक पुरे. वयाचा कागद पुढे ठेवून बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत ते विचारा. प्रत्येक ठाण्यात असा अधिकारी नेमलेला असावा लागतो. मुलाला कोठडीत किंवा जेलमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, जबाबावर त्याची सही घेता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला मंडळापुढे न्यावंच लागतं. जामीनपात्र नसलेल्या गुन्ह्यातही मुलाला जामीन हाच नियम आहे. सुटल्यावर तो वाईट संगतीत किंवा धोक्यात सापडेल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असं वाटलं तरच मंडळ नकार देतं आणि त्याची कारणं लिहून ठेवतं.

मोठ्यांना बहुधा माहीत नसणारी एक गोष्ट: घोर गुन्हा नसेल आणि बरोबर कुणी प्रौढ नसेल, तर मुलावर एफआयआर दाखल होत नाही. ठाण्याच्या दैनंदिन डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे जातो. मात्र संघातला एखादा १९ वर्षांचा मुलगा त्या भांडणात असेल तर एफआयआर होऊ शकते.

कागद कन्नडमध्ये असतील. न समजता सही करू नका, मराठीत वाचून दाखवायला सांगा. मुलांना आणि बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण, तालुका कोर्टातली कायदा सेवा समिती, किंवा १५१०० हा फोन. मुलांसाठी १०९८.

खेळताना कुणाला लागलं तर गुन्हा होतो का?

नियमात राहून, काळजी घेऊन, मनात काही न ठेवता खेळताना झालेली दुखापत हा अपघात असतो. चढाईत पकड बसून खांदा निखळला तर कुणी आरोपी होत नाही. शिट्टी वाजल्यानंतर मारलेली लाथ मात्र खेळाचा भाग नव्हे.

मॅचनंतरच्या मारामारीत नेमकी कुठली कलमं लागतात?

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण आपल्याकडची बहुतेक प्रकरणं इथलीच.

साधी मारहाण म्हणजे कलम ११५(२). एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोरांच्या डोक्यात एवढंच असतं. पण समोरच्याचा एक दात पडला किंवा हललाही, बोटाचं हाड मोडलं, किंवा पंधरा दिवस तो रोजची कामं करू शकला नाही, की ती "गंभीर दुखापत" होते. कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत कैद. गुद्दा तोच असतो. डॉक्टरांच्या दाखल्यावरची एक ओळ कलम बदलते, आणि गुद्दा मारताना दात पडेल की नाही हे कुणाच्याच हातात नसतं. हे वाक्य मुलांकडून म्हणून घ्या.

हातात स्टंप, बॅट, हॉकी स्टिक किंवा दगड असेल तर कलम ११८ येऊ शकतं. कुठली वस्तू हत्यार ठरते हे ती कशी वापरली यावर ठरतं. तिच्यानं गंभीर दुखापत झाली तर कमीत कमी एक वर्ष आणि वर जन्मठेपेपर्यंत. म्हणून साधा नियम करा: शेवटची शिट्टी झाली की पाच मिनिटांत सगळं सामान किटबॅगेत, आणि किटबॅग मॅनेजरकडे.

आता संख्येचा मुद्दा. पाच किंवा जास्त जण बेकायदा उद्देशानं जमले की कलम १८९, बेकायदा जमाव. त्या जमावातल्या एकानं समान उद्देशासाठी डोकं फोडलं तर कलम १९० मुळे बाकीचेही जबाबदार. कबड्डीचा संघ मॅटवरच सात जणांचा असतो, म्हणजे "आम्ही सगळे मिळून जाऊन विचारूया" म्हणताक्षणी संख्या पुरी झालेली असते. "मी नुसता उभा होतो" हे कोर्टात सिद्ध करता येतं, पण त्याआधी तक्रारीत नाव येतं, तारखा पडतात, संघाची निवड चाचणी हुकते. मुलांना पळायला शिकवायला लाज वाटू नये. भांडण सुरू झालं की हात वर, मागे पाय, सरांना फोन.

मिटवता येतं का? साधी मारहाण जखमी माणसाच्या मर्जीनं मिटते, गंभीर दुखापत कोर्टाच्या परवानगीनं. गावच्या पंचांपुढे मिटलं म्हणून केस आपोआप संपत नाही, ते कोर्टात किंवा मंडळापुढे कागदावर यावं लागतं.

मॅच गडहिंग्लजला किंवा चंदगडला झाली आणि तिथे भांडण झालं तर?

जिथे घडलं तिथलं ठाणं आणि तिथलं मंडळ, म्हणजे कोल्हापूर जिल्हा. पालकांचे हेलपाटे, वकील, साक्षीदार सगळं तिकडे. सीमेपलीकडे आलो म्हणून सुटलो, असं होत नाही.

गाडीबद्दल मुलांना आणि पालकांना काय सांगायचं?

पालकांना समोर बसवल्याशिवाय हा विषय घेऊ नका, कारण इथे कायदा मोठ्यांनाच धरतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९क: अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरले जातात. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीत नव्हतं" किंवा "मी पुरेशी काळजी घेतली होती" हे पालकानं सिद्ध करायचं असतं. किल्ली खुंटीवर लटकत असेल तर ते जड जातं.

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीच्या आतल्या गाडीचं. घराघरातल्या स्कूटरचं इंजिन त्याच्या दुप्पट असतं. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॅटपर्यंतच्या इलेक्ट्रिक गाडीला लायसन्स लागत नाही. दुकानदार मात्र त्याहून वेगवान गाडीही "बिनलायसन्सची" म्हणून विकतात, तेव्हा कागदावरचा आकडा बघा.

अपघातात समोरच्याला लागलं आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल, तर विमा कंपनी भरपाई देऊन ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. ती लाखांत जाते, शेत विकायची पाळी येते.

आणि सरांनो, "माझी गाडी घे आणि चौकातून बर्फ घेऊन ये" हे वाक्य बंद करा. कलमात पालकाबरोबर मालकही लिहिलाय. त्या दिवशी मालक तुम्ही असता.

फोनमुळे मुलं कशी अडकतात?

कपडे बदलायच्या खोलीतला गमतीचा व्हिडिओ. मुलीनं विश्वासानं पाठवलेला फोटो. ग्रुपवर आलेली क्लिप. फोटोतली व्यक्ती १८ च्या आतली असेल तर हा पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) आणि आयटी कायद्याच्या कलम ६७ख चा विषय होतो: पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. पाठवणारा स्वतः १६ वर्षांचा असला तरी गुन्हा राहतो, फक्त प्रकरण मंडळापुढे जातं. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की असं साहित्य फोनमध्ये साठवून ठेवणं, ते न मिटवणं, न कळवणं हेही पॉक्सोच्या कलम १५ खाली येऊ शकतं.

मोठी माणसं इथेच घोळ घालतात. "पुरावा म्हणून" एक सर दुसऱ्या सरांना क्लिप पाठवतात, ते मुख्याध्यापकांना, ते कमिटीला. असं करू नका. क्लिप कुठेही पुढे पाठवायची नाही. फोन बंद करून मुलाच्या पालकांसमोर ठेवा आणि पोलिसांना कळवा. पॉक्सोचा गुन्हा घडल्याचं कळूनही न कळवणाऱ्या प्रौढाला सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "शाळेचं नाव जाईल" हे कारण कायद्यात नाही.

प्रेमप्रकरणाबद्दल वर्गात बोलावं का?

बोलावंच. १८ च्या आतल्या मुलीची संमती कायदा संमती मानत नाही. दोघंही सतरा वर्षांचे आणि दोघंही राजी असले तरी शरीरसंबंध आला की पॉक्सो लागतो. त्याची किमान शिक्षा दहा वर्षं, मुलगी सोळाच्या आत असेल तर वीस. म्हणजे तो घोर गुन्हा, आणि मुलगा सोळा पूर्ण असेल तर वर सांगितलेली तपासणी आलीच. मुलीला घेऊन गोव्याला किंवा कोल्हापूरला पळून जाणं हे पालकांच्या ताब्यातून अल्पवयीनाला नेणं ठरतं, कलम १३७, सात वर्षांपर्यंत. हे शांतपणे, मुला-मुलींना वेगळं बसवून, शिक्षिका हजर ठेवून सांगा.

वय कमी दाखवून खालच्या गटात खेळवलं तर फक्त संघ बाद होतो ना?

नाही. जन्मदाखल्यावरची तारीख खोडणं हे खोटा कागद तयार करणं आहे. फसवणुकीसाठी तसं केलं तर कलम ३३६(३), सात वर्षांपर्यंत. खोटा आहे हे माहीत असून तो कागद पुढे करणाऱ्यालाही तीच शिक्षा. सही बहुधा मोठ्या माणसाची असते, नाव मुलाचं खराब होतं. शिवाय शाळेची तारीख आणि आधारची तारीख जुळली नाही की पुढे भरतीच्या टेबलावर ते उघडं पडतंच.

गांजा, गुटखा, दारू, पावडरचे डबे?

गांजा ओढला तर सहा महिन्यांपर्यंत, एक किलोच्या आत जवळ सापडला तर एक वर्षापर्यंत कैद. मित्राची पुडी खिशात ठेवली तरी ती "माझ्याजवळ" सापडली असंच होतं. व्यसन लागलेला मुलगा स्वतःहून उपचाराला आला तर कायदा त्याला खटल्यापासून संरक्षण देऊ शकतो, म्हणून लपवू नका, दवाखान्यात न्या.

मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्या मोठ्या माणसाला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ट्रॉफी जिंकल्यावर पोरांना बिअर पाजणाऱ्या क्रीडा मंडळाच्या कार्यकर्त्यांना हे कलम मोठ्यानं वाचून दाखवा. कर्नाटकात आता २१ च्या आतल्या कुणालाही सिगारेट-तंबाखू विकता येत नाही. निपाणी भागात घरोघरी तंबाखूचं काम चालतं, त्यामुळे मुलांना त्यात वावगं वाटत नाही. तिथे जास्त सांगावं लागतं. गोव्याहून परतताना चोर्ला घाटानं स्वस्त बाटल्या आणणं हा अबकारीचा गुन्हा आहे आणि त्या वाटेवर तपासणी होते. बाटली एकाची असली तरी गाडी सगळ्या संघाची अडकते.

डब्यातल्या पावडरीत स्टेरॉइड निघालं तर जेल नाही, पण चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. "मला सरांनी दिलं" हे ऐकून घेतलं जात नाही. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, हा जगभरचा नियम आहे.

बँक खातं किंवा सिम "भाड्यानं" द्यायची पद्धत आलीय. त्यात काय होतं?

"तुझ्या खात्यात पैसे येतील, काढून दे, दोन हजार तुझे." ते पैसे बहुतेक वेळा सायबर फसवणुकीचे असतात. तपास पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतो. खातं गोठतं, त्यातच स्कॉलरशिप आणि बक्षिसाची रक्कमही अडकते. चुकून दिलं असेल तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) वर फोन आणि बँकेला लेखी अर्ज.

१ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस) आसपास स्टेटस आणि मोर्चाबद्दल काय सांगायचं?

शांतपणे जमणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे. पण जमावबंदीचा आदेश निघाला असेल तर तो मोडणं गुन्हा ठरतो. दोन भाषांच्या किंवा धर्मांच्या लोकांत द्वेष पसरवणारी पोस्ट म्हणजे कलम १९६, तीन वर्षांपर्यंत. मजकूर कुणी लिहिला याबरोबर कुणी पसरवला हेही बघतात. मराठी मुलानं आपल्या भाषेचा अभिमान जरूर बाळगावा. शिवी आणि धमकी मात्र स्टेटसवर नको. संघात कन्नड मुलं असतात, त्यांच्याशी पास देता-घेता ही भांडणं वर्गात आधीच बोलून टाकावीत.

तास कसा घ्यायचा? एका व्याख्यानात भागेल का?

भागत नाही. जूनमध्ये साहेबांना बोलावून दोन तास भाषण, हार-तुरे, फोटो, आणि ऑगस्टमध्ये मारामारी. त्यापेक्षा हंगामभर दर पंधरवड्याला सरावानंतर वीस मिनिटं, मैदानावरच गोल बसून, एका वेळी एकच विषय. गाडी, मारामारी आणि फोन हे तीन विषय पहिल्या सामन्याच्या आधी झालेच पाहिजेत.

प्रत्येक वेळी एक प्रसंग मुलांपुढे ठेवा. "टेम्पो सुटायच्या वेळी समोरच्या संघाच्या पोरानं आईवरून शिवी दिली. तुझ्याबरोबर सहा जण आहेत, त्यातला एक एकोणीसचा." मुलांना काय करतील ते बोलू द्या, मध्ये तोडू नका. मग कलम सांगा, आणि शेवटी तोंडानं म्हणायचं वाक्य आणि पायानं करायची हालचाल प्रत्यक्ष करून घ्या. पकड जशी शंभर वेळा घोटतो तसं हेही घोटावं लागतं, कारण राग आल्यावर माहिती आठवत नाही, सवय आठवते.

घाबरवण्यासाठी खोटं सांगू नका. "एका थपडेला दहा वर्षं जेल" म्हटलं की चुलत भावाची केस माहीत असलेला मुलगा हसतो आणि पुढचं सगळं वाया जातं. खरे आकडे पुरेसे जड आहेत. कायदा सेवा प्राधिकरणाकडून मराठी बोलणारा वकील मोफत मागवता येतो, त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र लागतं, महिनाभर आधी द्या. कुठल्याही मुलाच्या खऱ्या प्रकरणाचं उदाहरण देऊ नका. अल्पवयीनाची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

लहानपणी केस झाली, आता भरतीचा फॉर्म भरायचाय. लिहावं की लपवावं?

बाल न्याय मंडळात निकाली निघालेल्या प्रकरणामुळे अपात्रता येत नाही, आणि दाखल्यासाठी पोलिसांनी तो रेकॉर्ड द्यायचा नसतो. अपवाद एकच: सोळावर वय असताना बालन्यायालयानं दोषी ठरवलेलं प्रकरण. १८ नंतरची केस मात्र फॉर्ममध्ये विचारली असेल तर लपवू नये. किरकोळ केसपेक्षा ती लपवल्यामुळे नोकरी गेल्याची उदाहरणं जास्त सापडतात. फॉर्मचा प्रश्न शब्दन् शब्द वाचून वकिलाला विचारूनच भरा.

वस्तादांनी शिस्तीसाठी हात उचलला तर?

ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं मारहाण केली किंवा त्याला विनाकारण शारीरिक-मानसिक त्रास दिला, तर बाल न्याय कायद्याचं कलम ७५ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. मुलांची जबाबदारी असलेल्या संस्थेच्या नोकरानं केलं तर पाच वर्षांपर्यंत. जोर-बैठका वाढवणं हा सराव आहे, पट्ट्यानं मारणं हा गुन्हा आहे. सीनियर पोरांनी नव्या पोरांची रॅगिंग केली आणि वस्तादांनी काणाडोळा केला, तर जाब त्यांनाही द्यावा लागतो. म्हणून मुलांसाठी लिहिलेल्या नियमांच्या कागदावर पहिली सही वस्तादांची घ्या, आणि तो कागद तालमीच्या दारात मराठीत लावा.